काबरीची अर्धेल

महाडच्या एसटी स्टँडमागे दर गुरुवारी एक पांढरी गाडी उभी राहायची आणि तिच्यातून शगुफ्ता सिस्टर उतरायची. ज्यांना घर नाही त्यांच्या वाट्याला दवाखानाही येत नाही, म्हणून एका संस्थेने दवाखानाच चाकांवर चढवला होता. शगुफ्ता शुगर बघायची, जखमा धुवायची आणि हात चालू असताना सगळ्यांना यथेच्छ झापायची. निम्मे लोक तिची बोलणी खायलाच येतात, असं गाडीचा ड्रायव्हर म्हणायचा.

मोरूकाका मात्र दहा हाका मारल्याशिवाय यायचा नाही. आंबेनळीकडच्या वाडीवरचं त्याचं घर दरडीखाली गेलं, बायको त्याआधीच गेली होती. उरली काबरी शेळी. तिला घेऊन तो खाली उतरला, तेव्हापासून चार वर्षं स्टँडमागच्या पत्र्याखाली राहत होता.

त्या गुरुवारी शगुफ्ताने त्याच्या पायाची पट्टी सोडली. अंगठ्याची जखम काळी पडली होती.

“काका, आजच भरती व्हायचं. दहा-बारा दिवस. नाहीतर पाय कापावा लागेल.”

“काबरी गाभण हाय. तिला टाकून नाय येनार.”

“माझ्या परसात ठेवते की. अगदी फुकट ठेवते, तुम्ही काळजीच करू नका.”

“फुकट?” मोरूने पाय ओढून घेतला. शेळीची दोरी हाताला गुंडाळली आणि लंगडत पत्र्याआड निघून गेला. एवढं भलं करायला जावं आणि माणसाने पाठ फिरवावी, याचा शगुफ्ताला संताप आला. पण संतापापेक्षा भीती मोठी होती. पाय जाणार, हे तिला दिसत होतं.

घरी येऊन तिने सगळं सासूपुढे ओतलं. सकिनाचं माहेर नाते गावचं, लहानपण शेळ्यांमागे गेलेलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

“फुकट कोन ठेवतं गो? वाडीवर मेलेल्या मानसाची जनावरं फुकट ठेवतात. तू काय परत येत नायस, असं तोंडावर सांगितलंस त्याला. अर्धेलीनं माग.”

अर्धेल म्हणजे जनावर मालकाचं, चारापाणी सांभाळणाऱ्याचं आणि करडं निम्मी-निम्मी. नर्सिंगच्या तीन वर्षांत शगुफ्ताला हे कोणी शिकवलं नव्हतं.

सकाळी उठून तिने सासूलाच रिक्षात घातलं आणि स्टँड गाठला. सकिनाने मोरूकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी काबरीचे दात बघितले, मग कास चाचपली.

“शेळी बरी हाय. अर्धेलीनं देतोस काय?”

मोरू ताठ झाला. “पयलं करडू तुझं, दुसरं माझं. एकच झालं तर तुझं, मंग पुढच्या वेताला माझा नंबर. नि पाला फनसाचा घालायचा.”

“मला नको शिकवूस,” सकिना म्हणाली आणि दोरी तिच्या हातात आली. त्याच रिक्षाने मोरू दवाखान्यात गेला.

तिथे त्याने सगळ्या वॉर्डाला भंडावून सोडलं. शगुफ्ता रोज मोबाइलवर काबरी दाखवायची, तो रोज म्हणायचा, वाळलीय. काबरी चांगली टरटरून फुगली होती. डॉक्टरांनी सडलेलं मांस काढलं, शुगर खाली आली आणि पाय वाचला.

अकराव्या दिवशी काबरी व्याली. शगुफ्ता मनातल्या मनात दोन मागत होती, झालं एकच. पाठीवर पांढरा पट्टा असलेलं, उड्या मारणारं. दवाखान्यातून सुटून मोरू काठी टेकत परसात आला तेव्हा तिला त्याच्याकडे बघवेना.

“काका, करडू तुम्हीच घ्या. आम्हाला काय करायचंय?”

“असं कसं? ठरलं ते ठरलं.” त्याने करडू उचलून सकिनाच्या मांडीवर ठेवलं आणि बोटांवर महिने मोजले. “पुढच्या वेताला आठेक महिनं. तवर मला जगाय पायजे. नि पाय पन पायजे, माझ्या करडामागं धावाया.”

काबरी त्याचा सदरा चघळायला लागली होती. तो सोडवता सोडवता त्याने मान वर केली.

“गुरुवारी गाडी किती वाजता येती गो?”

चार वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

“नऊला,” शगुफ्ता म्हणाली. एरवी तिने पुढे दहा वाक्यं सुनावली असती.