डॉक्टर कारगिल यांचा हिरवा डबा

मी एक पत्र्याचा डबा आहे. हिरव्या रंगाचा, खांद्याला अडकवायचा. हल्ली माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवतात. पण मला घडवलं ते रानातली रोपं घरापर्यंत ताजी आणण्यासाठी.

डॉक्टर ॲडम कारगिल यांनी मला बंदरावरच्या पत्रेवाल्याकडून करून घेतलं. आठवडाभर ते रोगी बघत. शनिवारी धाकटी बहीण एफी ओटच्या भाकऱ्या बांधून घ्यायची आणि आम्ही तिघं डोंगर चढायचो. डॉक्टरांना वेड शेवाळाचं.

"लोक गुलाब आणतात, तू चिखल आणतोस," एफी चिडवायची.

"चिखल नव्हे गं! हे शेवाळ निर्मळ वाहत्या पाण्याशिवाय जगत नाही. तुझ्यापेक्षा चोखंदळ आहे."

ते गार, ओलं शेवाळ पोटाशी आलं की मला जन्माचं सार्थक वाटे.

अठराशे त्रेपन्न साली गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. कोळ्यांच्या बोळात रोज एक-दोन शवपेट्या उचलल्या जात. डोंगरवाऱ्या थांबल्या. पाणी तपासायला डॉक्टर माझ्यात रिकाम्या बाटल्या घालून बोळातल्या हातपंपावर गेले.

मासळी विकणारी ग्रिझेल गेडिस तिथं उभी होती. तिची लेक दोन दिवसांपूर्वी गेली होती.

"काय डॉक्टर, आमच्या पाण्यात फुलं शोधताय होय?"

"फुलं नाहीत, ग्रिझेलबाई. गटाराचं पाणी झिरपतंय यात. हे पिऊ नका."

"मग काय पिऊ? समुद्र?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मला घेऊन डॉक्टर एकटेच डोंगर चढले. ते शेवाळ वाढायचं त्या झऱ्यावर त्यांनी बाटल्या भरल्या आणि थेट नगरसभेत मांडल्या. "इथून गावात नळ आणा," ते म्हणाले. सभासद हसले. "शेवाळावरून पाणी पारखणारा डॉक्टर!"

ग्रिझेल मात्र हसली नाही. घागर घेऊन ती झऱ्यावर निघाली. मागोमाग बोळातल्या साऱ्या बायका. रोज दोन मैल चढ, दोन मैल उतार. तीन आठवड्यांत बोळातली मरणं थांबली. मग सभेनंही नळ मंजूर केला.

नळाचे चर खणले जात असताना त्याच बोळातल्या एका रोग्याकडून डॉक्टरांना ताप जडला. "बरा झालो की शनिवारी जाऊ," असं ते एफीला म्हणत राहिले. तो शनिवार आलाच नाही.

नळ सुरू झाला त्या दिवशी नगराध्यक्षांनी लांबलचक भाषण केलं.

"कारगिल डॉक्टरांचं नाव घ्या आधी!" गर्दीतून ग्रिझेल ओरडली. "नाहीतर खाली उतरा!"

नाव घेतलं गेलं. एफी मला छातीशी धरून उभी होती.

त्यालाही आता वीस वर्षं झाली. एफीचे गुडघे धरतात, ती डोंगराकडे बघतसुद्धा नाही. पण कधीतरी घरात कुणी नसलं की ती चिमटे बाजूला काढते, झाकण उघडते आणि माझ्यात तोंड घालून दीर्घ श्वास घेते.

एफी, शेवाळाचा वास कधीच गेला, गंजाशिवाय आता माझ्यात काही उरलेलं नाही गं. अर्ध्या वाटेपर्यंत का होईना, एकदा चल. तुला चालवेल तेवढंच जाऊ.