भूल पुरली नव्हती

क्लाससाठी लातूरला आलेल्या पोरींची मेस सिंधु चालवायची. पाय जरा ओढत चालायची. कुणी विचारलंच तर सांगायची, "भूकंपात भिंत पडली पायावर. तंबूतच ऑपरेशन झालं. पण नशीब, भुलीत झोपले होते. काही कळलं न्हाई."

त्या दिवशी नांदेडहून मेसमधल्या बुशराची आई, बिलकीस, पोरीला भेटायला पहिल्यांदाच आली होती. सरकारी दवाखान्यातली जुनी नर्स. त्याच दुपारी बुशराच्या हातात काचेचा ग्लास फुटला. बिलकीसनं चिमट्यानं काच काढायला घेतली, सिंधुनं पोरीचं मनगट धरलं.

"झालंच गं राणी, एवढंच, एवढंच," बिलकीस म्हणत होती.

सिंधुचे हात सुटले. अंगाला दरदरून घाम फुटला, अधू पाय ताठला आणि भिंतीला धरून ती खाली बसली. भीती कशाची वाटतेय, ते तिचं तिलाच कळेना.

पोरीला पट्टी बांधून बिलकीस पाणी घेऊन आली. सिंधुच्या पोटरीवरचा लांब व्रण दिसला तशी ती थबकली.

"किल्लारीकडची का तू? शाळेच्या मैदानातला तंबू?"

"हाव. तुम्हाला कसं ठावं?"

"तुझ्या उशाशी मीच होते." बिलकीसनं पाणी खाली ठेवलं. "भूल पुरली न्हाई, सिंधु. दवा संपत आली होती. दिली तेवढ्यानं आठवण पुसली जाते, दुखायचं ते दुखतंच. तू ओरडत होतीस अन् मघा पोरीला म्हणाले, तेच मी तुला म्हणत होते. सकाळी तू म्हणालीस, छान झोप लागली. डॉक्टर म्हणाले, सांगू नका तिला."

सिंधुनं विचारलं, "मी ओरडले?"

"आवाज बसेस्तोवर."

तेव्हा कितीतरी दिवस तिचा आवाज बसलेला होता. ढिगाऱ्यातली धूळ घशात गेली असंल, असंच सगळे म्हणाले होते. तिनं गळ्यावर हात ठेवला. त्या ऑपरेशनातलं काहीच आठवत नव्हतं, तरी मघा ते शब्द ऐकून पाय ताठला होता.

"दुखणं माझं, अन् मला सोडून समद्यास्नी ठावं," ती म्हणाली. बिलकीसनं पुढं केलेला हात तिनं बाजूला सारला.

पोरी जेवायला येऊ लागल्या तरी तिला उठवेना. बिलकीसनं न विचारताच पदर खोचला, परात ओढली आणि भाकरी थापायला बसली. सिंधु तिच्या पाठीकडं बघत राहिली.

"आपा, आज जाऊ नका. काय काय झालं, समदं सांगा मला," शेवटी ती म्हणाली. "ते एक वाक्य तेवढं पुन्हा म्हणू नका."