कोंबड्यांनी टोचलेली मोटार

आमच्या जुन्या मोटारींच्या क्लबात लिहिलेले नियम बावीस आहेत, ते कुणी पाळत नाही. न लिहिलेला एकच आहे, तो सगळे पाळतात. किमतीवर जमेनासं झालं की क्लबातला एक माणूस बोलवायचा. त्यानं गाडी बघण्याआधी देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं बोनेटवर हात ठेवायचा. मग तो म्हणेल तो आकडा. वर-खाली एक डॉलर नाही.

गेली अकरा वर्षं तो माणूस मी आहे. उदार आहे म्हणून नव्हे. चहाची एक पिशवी मी दोन कपांत बुडवतो हे सगळ्या बर्रा गावाला माहीत आहे, आणि चिकट माणसाच्या आकड्यावर लोकांचा विश्वास बसतो.

त्या रविवारी सकाळी थेल्मा पेन्गिलीनं मला शेतावर बोलावलं. तिचा नवरा वेस आदल्या वर्षी गेला. त्याची १९२६ची उघड्या टपाची टूरर मोटार विकून तिला गावात, दवाखान्यामागं, दोन खोल्यांचं घर घ्यायचं होतं. बारा हजार कमी पडत होते, आणि मुदत शुक्रवारची.

मेलबर्नहून आलेला व्यापारी रॉडरिक हॅलोरन शेडच्या दारातच उभा होता. बूट इतके चकचकीत की मेंढ्यांनीही वळून बघावं.

"सात हजार," तो म्हणाला. "ही गाडी कापलेली आहे. मागच्या सीटखाली करवतीची रेघ आहे, मी स्वतः पाहिली. मागचा भाग कुणीतरी नवा बनवून चिकटवलाय."

"कापली होती हे मी कुठं नाकारतेय?" थेल्मा म्हणाली. "लेस, तू सांग."

"आधी हात," मी म्हणालो.

हॅलोरननं हसत बोनेटवर हात ठेवला. रेघ त्याला दिसली होती; पुढचं काम रेघच करील, असा त्याचा हिशेब. थेल्मानं एप्रनला हात पुसून मग ठेवला.

मी कोट काढला आणि गाडीत मागच्या बाजूला पालथा झालो. रेघ होती. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशन आलं तेव्हा मालवाहू गाडीला जास्त मिळायचं. म्हणून आमच्याकडच्या निम्म्या शेतकऱ्यांनी चांगल्या चांगल्या मोटारी कंबरेत कापल्या आणि मागं फळ्या ठोकल्या. वेसनंही कापली. पण मागचा अर्धा भाग तोडून चुलीत घालणारी माणसं वेगळी, आणि वेस वेगळा.

या गाड्यांचं इंजिन आणि चासी जहाजानं यायची, वरची बॉडी मात्र ॲडलेडचे सुतार लाकडी सांगाड्यावर बांधायचे. तुकड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून एका गाडीच्या प्रत्येक लाकडावर एकच नंबर ठोकायचे. पुढच्या दाराच्या खांबावर मला ३१८ मिळाला. मागच्या सीटची फळी उचलली. टॉर्च मारला. ३१८.

मी तसाच पडून राहिलो. काय सांधा होता! जुनं लाकूड जुन्या लाकडात असं बसवलेलं की नखाला खाच लागेना. वेस गहू पेरणारा माणूस. हे हात त्यानं आम्हाला कधी दाखवलेच नाहीत.

"झोपलास का रे?" थेल्मानं विचारलं.

बाहेर येऊन वही उघडली. अखंड, मूळची असती तर चौदा हजार. सांध्याचे हजार वजा. कितीही सुंदर असला तरी सांधा तो सांधाच. नव्या टपाचे पाचशे, डाग दिलेल्या रेडिएटरचे चारशे, बेजोड टायरचे अडीचशे. खाली उरले अकरा हजार आठशे पन्नास.

थेल्मा माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला आकडेमोड माझ्यापेक्षा जलद येते. तिनं नुसता एप्रन सरळ केला. बोनेटवर हात ठेवला होता तिनं.

"आणि हे?" हॅलोरननं सीटमागच्या फळीवर बोट ठेवलं. तिथं शेकडो बारीक खळगे होते. "वाळवी! याचे पैसे कापा ना!"

"दोनशे," मी लिहिलं.

"वाळवी तुझ्या डोक्यात," थेल्मा म्हणाली. "कोंबड्या आहेत त्या. बत्तीस वर्षं मागचा भाग माझं खुराडं होता. वर पत्रा, खाली पेंढा. वेस म्हणायचा, एक दिवस परत जोडीन, तोवर अंडी खा. आमच्या कोंबड्या चामड्याच्या सीटवर बसून अंडी घालायच्या, गव्हर्नरच्या बायकोसारख्या!"

हॅलोरन मोठ्यांदा हसला. मग हसू थांबलं आणि डोळे बारीक झाले. "खुराड्याचा फोटो आहे?"

"तीन आहेत."

"द्याल मला? गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगितली की..." तो थांबला. पण उशीर झाला होता.

"ऐका साहेब," मी म्हणालो, "विकताना जी गोष्ट सांगणार, तिचे पैसे घेताना द्यायचे." वजा दोनशे खोडले आणि अधिक दोनशे लिहिले. "बारा हजार पन्नास."

त्यानं बोनेटकडे पाहिलं. त्याच्या तळव्याचा ठसा अजून त्यावर होता. त्यानं चेकबुक काढलं.

"एक सांगतो," सही करता करता तो पुटपुटला, "ती फळी कुणी घासायची नाही."

थेल्मा फोटो आणायला घरात गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेला होता आणि हातात किल्ली.

"हायवेच्या फाटकापर्यंत मी चालवणार," ती म्हणाली. "लेस, पुढं बस. मिस्टर हॅलोरन, तुम्ही मागं, खुराड्यात."