पुएर्तो लेंगाचे काळे पातेले

मित्रांनो, मी एक जुने मानचिन्ह आहे. चिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर पुएर्तो लेंगा नावाचे गाव आहे, तिथल्या नगरपालिकेच्या दारावर मी टांगलेले असते. इतर गावांच्या चिन्हांवर सिंह असतात, किल्ले असतात. माझ्या फळीवर तीन दगड आणि त्यांवर एक पातेले कोरले आहे. हसू नका. त्या पातेल्यानेच हे गाव राखले.

फार पूर्वी भूकंपामागोमाग समुद्र आत शिरला आणि सगळी घरे घेऊन गेला. लोकांना दुसरीकडे हलवायला सरकारी बोटी आल्या. तेव्हा दोमितीला नावाच्या कोळिणीने चिखलात तीन दगड मांडले, वाचलेल्या एकुलत्या पातेल्यात बटाटे आणि शिंपल्या शिजत घातल्या आणि म्हणाली, "ज्याला जायचंय त्यानं खुशाल जावं. पण जेवून जा."

लोक जेवले. मग कोणी लाकडे आणली, कोणी मासे आणले. बोटी रिकाम्याच परतल्या.

गाव पुन्हा उभे राहिले, तेव्हा सुताराने मला घडवले. मानचिन्ह म्हणजे सोने हवेच, असे रंगाऱ्याला वाटले आणि त्याने पातेले सोनेरी करून टाकले. बाजाराला निघालेल्या बायका वर बघून म्हणायच्या, "हे कधी चुलीवर चढलेलं दिसत नाही." मला ते फार लागायचे, कारण ते खरे होते.

पुढे माझ्याकडे कोणी बघेनासे झाले. नवे नगराध्यक्ष रेमिहियो यांना तर राजधानीच्या पाहुण्यांपुढे माझी लाज वाटू लागली. त्यांनी माझ्या जागी लावायला सिंह करवून घेतला. गावाने सिंह सर्कशीतसुद्धा पाहिला नव्हता! आताच्या सुताराने शिडी लावली आणि माझा एक खिळा निघालाही.

तेवढ्यात दोमितीलाची पणती एदुविना आली. तिने माझ्याच खाली तीन दगड मांडले आणि चूल पेटवली. रेमिहियो तिचे सख्खे भाचे.

"मावशी, इथे तमाशा नको करूस," ते म्हणाले.

"तमाशा कसला? काढायचंय ना ते, मग काढ. पण आधी जेवून घे."

वास दरवळला तसा शिडीवरचा सुतार सगळ्यांत आधी उतरला. गाव जमत गेले, पातेल्यात भर पडत गेली. शेवटी नगराध्यक्षही वाडगा घेऊन पायरीवर टेकले. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर त्यांनी सुताराला हळूच सांगितले, "तो खिळा परत ठोक."

त्या धुराने माझे सोने काळे पडले. दुसऱ्या दिवशी कोणी साबण घेऊन वर चढू लागला, तर एदुविनाने त्याला खाली उतरवले.

मित्रांनो, तुमच्या गावाच्या चिन्हावरही काहीतरी कोरलेले असेल. ते कोणाच्या हातचे आहे, एवढे एकदा विचारा. माझ्यावरची धूळ जरूर झटका, खिळे घट्ट करा. काजळी मात्र पुसू नका. आता कुठे मी चुलीवर चढले आहे.