जासुदाचं जेवण

आमच्या पिकार्दीतले फ्रेंच सरदार काही शिकत नाहीत, असं कोणी म्हणू नये. इंग्रज तिरंदाजांकडून त्यांनी दर पिढीला धडा घेतला. थोरले मालक घोडा फेकत तिरंदाजांवर गेले. बाण घोड्याला लागले आणि मालक चिखलात गेले. त्यांचे चिरंजीव म्हणाले, चूक घोड्याची. म्हणून ते खाली उतरले, भाला कापून आखूड केला आणि अंगभर लोखंड घालून नांगरलेल्या शेतातून चालत निघाले. पोचेपर्यंत त्यांना तलवार उचलवेना. मग त्यांच्या धाकट्या भावाने घोड्यालाच चिलखत चढवलं. तो घोडा चिखलात बसला तो उठलाच नाही.

मी या गढीची स्वयंपाकीण. तिघांच्या मयताचं जेवण मीच रांधलं, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

थोरल्या मालकांच्या विधवा पेरोनेल बाईसाहेबांना आता एकच मुलगा उरला होता, गिशार. लढाईतून लंगडत परतलेल्या प्रत्येकाला बाईसाहेबांनी खोदून खोदून विचारलं होतं. इंग्रज नदीच्या उताराशी आलेत अशी बातमी आली, तेव्हा त्या मुलाला म्हणाल्या, "तिरंदाज आधी घोडे अडवायला पुढ्यात टोकदार खुंट ठोकतात. त्या वेळी हातात हातोडा असतो, धनुष्य नसतं. तेव्हाच गाठ त्यांना. आत्ता नीघ."

"न सांगता जाऊ? मी काय कोंबडीचोर आहे, आईसाहेब?"

रीत अशी की आधी जासुदाने शत्रूपुढे मालकाचा लोखंडी हातमोजा टाकायचा, दुपारी येतो म्हणून सांगायचं आणि मगच लढायचं. म्हणजे खुंट ठोकायला सकाळ मोकळी. मरायचं तेसुद्धा शिष्टाचाराने.

पहाटे जासूद कोलार हातमोजा घेऊन निघाला. त्याची वाट माझ्या दारावरून जाते. बाईसाहेब आधीच स्वयंपाकघरात येऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "त्याला उपाशी जाऊ देऊ नकोस." मी रानडुकराची मांडी मोहरी लावून भाजली, वर मध घातलेली वाइन दिली. कोलार आधी नको नको म्हणाला, मग तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. दुपारी तो मेजाखाली घोरत होता.

तिकडे इंग्रज अंगरखे वाळत घालून बसलेले. गिशारचे घोडे दिसले तेव्हा कुठे त्यांनी हातोडे शोधायला घेतले. पळता भुई थोडी झाली त्यांना.

गिशार हसत घरी आला, माझ्याकडे काहीतरी खायला मागायला आला आणि त्याला मेजावर हाडांशेजारी स्वतःचा हातमोजा दिसला. त्याने तो उचलला. आईला म्हणाला, "तुम्ही माझ्या तोंडाला काळं फासलंत." जिवंत आहे याचं त्याला काहीच वाटलं नाही. त्या दिवशी मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली होती.

वसंतात इंग्रज पुन्हा आले. या वेळी गिशारने कोलारला एक दिवस आधी पाठवलं, तेही मागच्या दाराने. इंग्रजांनी त्याला छान जेवू घातलं आणि शांतपणे खुंट ठोकले.

लढाई झाल्यावर कोलार परत आला. मागून गाडी येत होती, तिच्यावर चादर पांघरलेली. इंग्रजांनी हातमोजा पुसून, तेल लावून परत पाठवला होता. बाईसाहेबांनी तो मांडीवर घेतला.

"वेळेवर पोचला होतास ना रे?"

"हो, बाईसाहेब," कोलार म्हणाला. "अगदी वेळेवर."