आठवडाभर दूध नको

ठाण्यात बाळकुमला टॉवर उभे राहिले तरी भीमाबाईने दोन म्हशी ठेवल्या होत्या. समोरच्याच सोसायटीत तिचा रतीब होता. पावसाळा सरता सरता गाभण म्हैस गाभडली, पोटातलं रेडकू गेलं. दुसरीने खाणं टाकलं, दूध निम्म्यावर आलं.

जनावरांची डॉक्टर शिवानी आली. तिने पेंडीच्या गोणीत हात घालून ढेकळं फोडली, तर आत हिरवट बुरशी. नमुना तिने तपासून घेतला आणि स्वतः सांगायला आली.

"मावशी, बुरशीचं विष आहे यात. ते दुधात उतरतं, उकळूनही जात नाही. चांगली पेंड सुरू करा, आठवड्यात दूध ठीक होईल. तोवर कोणाला देऊ नका."

ती गेल्यावर भीमाबाईचा मुलगा विनीत म्हणाला, "आई, म्हैस आटली सांग. विषाचं बोलू नको."

"लहान पोरं पितात रे ते."

"तुला काय माहीत होतं?"

"आता कळलंय ना."

ती दारोदार जाऊन खरं तेच सांगत सुटली. रतिबातल्या श्रियाचा मुलगा नील दीड वर्षांचा, म्हणून तिच्याकडे आधी गेली. "बाय, पेंड खराब निघाली. आठवडाभर दूध नको घेऊ."

"तो रोज तेच पितो, मावशी," श्रिया म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर 'विषारी दूध' फिरत होतं. वॉचमनने भीमाबाईला गेटवरच थांबवलं.

ती गोणी घेऊन कल्याणला पेंडवाल्या सहदेवकडे गेली. झालं ते सगळं तिने सांगितलं. दुकानामागे भिजलेली पेंड उन्हात पसरलेली होती.

"गोदाम गळलं, काय करणार? बदलून देतो," सहदेव म्हणाला.

"आणि ही कशाला वाळवतोस?"

"फेकू का? दुसऱ्या कोणाची तक्रार नाही."

"त्यांना सांग तरी."

"तुम्ही सांगितलंत ना? काय मिळालं?"

शिवानीने सहदेवची तक्रार केली. तपासणीचे साहेब दुकानात आले, त्यांनी नव्या गोणीतला नमुना नेला. तो चांगला निघाला.

आठवड्यानंतर शिवानीने दूधही तपासलं. त्यात काही नव्हतं. भीमाबाई गेटवर उभी राहिली. श्रिया दुकानातून परतत होती.

"मावशी, तुमच्यावर राग नाही. पण हिंमत होत नाही."

"मी सांगितलं नसतं तर?"

श्रिया लिफ्टकडे वळली. तिच्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या.

पुढे महिनाभर दूध गोठ्यातच नासलं. विनीत ते रोज गटारात ओतायचा. शेवटी कल्याणचा एक तबेलेवाला म्हशी विकत घ्यायला आला. त्याने कास चाचपली, दूध किती देतात ते विचारलं.

"पेंड फोडून बघत जा," भीमाबाई म्हणाली. "आतून हिरवी असली तर..."

"हो, हो," तो म्हणाला. तोवर त्याने दावं सोडलं होतं.