मोडेमवर चाळीस, पदरात दोन

पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे डॉक्टरीणबाई महिनाभर घरूनच काम करत होत्या. इस्पितळातून रुग्णांचे स्कॅन इंटरनेटवरून यायचे, ते बघून त्या अहवाल पाठवायच्या. पण आठवडाभर एकेक स्कॅन उतरायला अर्धा तास लागत होता. तिकडे रुग्ण खोळंबलेला, इकडे बाईंच्या जिवाची घालमेल. पडद्यावरची पट्टी अडकली की कुबड्या घेऊन उठायचं, मोडेम बंद करायचा, चालू करायचा, परत येऊन बसायचं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

शेवटी लाइनमन आला. "लाइन चोख आहे, मॅडम. मोडेम चाळीस एमबीचा वेग दाखवतोय."

"दाखवतोय ना? मग माझ्या पदरात दोनसुद्धा का पडत नाही?"

त्याने ऑफिसात फोन लावला. बराच वेळ नुसतं हं हं करत राहिला. मग म्हणाला, "चाळीस हा तुमच्या मोडेमपासून एक्स्चेंजपर्यंतचा वेग. पुढे तुम्हाला किती सोडायचं ते एक्स्चेंज ठरवतं. लाइन सारखी तुटतेय म्हणून त्याने ती कच्ची धरलीय, हात आखडता घेतलाय. काल एका दिवसात एकतीस वेळा तुटली."

"एकतीस? मी फार तर पंधरा वेळा बंद केला असेल!" बोलून गेल्यावर बाईंनी जीभ चावली.

खिडकीशी सासरे पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "उरलेल्या वेळा माझ्या. तू आंघोळीला गेलीस की मी बंद-चालू करून ठेवायचो. फोनवर असलीस तरी. तुझी तगमग बघवत नव्हती."

"अहो बाबा!"

"तीन दिवस कुणी बटणाला हात लावायचा नाही," लाइनमन बजावून गेला. "वेग आपोआप वाढेल."

पहिला दिवस बाईंनी नखं कुरतडत काढला. दुसऱ्या दिवशी राहवेना, तेव्हा टॅक्सी करून कुबड्यांसकट इस्पितळ गाठलं आणि तुंबलेले स्कॅन तिथेच बसून संपवले. तिसऱ्या दिवशीही तेच. सासऱ्यांनी घरी मोडेमसमोर खुर्ची टाकली होती, स्वतःच्या हातावर पहारा म्हणून.

चौथ्या दिवशी दुपारी एका बाईच्या मेंदूचा स्कॅन मिनिटभरात उतरला. आत रक्तस्राव होता. डॉक्टरीणबाईंनी ताबडतोब वॉर्डला फोन केला, "सर्जनला बोलवा. आत्ताच्या आत्ता."

संध्याकाळी निरोप आला, ऑपरेशन वेळेवर झालं. सासरे खूश झाले. बाईंना मात्र स्वस्थ बसवेना. हा स्कॅन गेल्या आठवड्यात आला असता तर? त्यांनी त्या आठवड्यातल्या रुग्णांची यादी काढली, फोन जवळ ओढला आणि पहिला नंबर फिरवला.

"मी स्कॅनवाली डॉक्टर बोलतेय. आता कसं वाटतंय तुम्हाला?"